मंगळाची रिकामी होडी

मंडळी, इजिप्त म्हटलं की पिरॅमिड आणि ममी, यापलीकडे आपली गाडी सहसा जात नाही. आज तुम्हाला एका छताखाली न्यायचंय. लक्झॉरच्या समोर, नाईलच्या पश्चिम तीरावर दैर अल-बहरी आहे. हत्शेप्सुत या राणीचा, खरं तर स्त्री-फेरोचा (फेरो म्हणजे इजिप्तचा राजा), कारभारी सेनेनमुत यानं इ.स.पू. पंधराव्या शतकात तिथे स्वतःसाठी कबर खोदवली आणि छतावर आकाश रंगवून घेतलं. याहून जुनं असं छत अजून सापडलेलं नाही. गुरू आणि शनी तिथे होडीत उभे आहेत, दोघंही होरस देवाची रूपं. शनीचं नाव तर ‘होरस, आकाशातला बैल’! शुक्र बगळ्याच्या रूपात आहे. मंगळ मात्र कुठे दिसत नाही. एक होडी तेवढी रिकामी आहे.

ती मंगळाचीच, असं काही अभ्यासक मानतात. मंगळ तेव्हा वक्री होता म्हणून त्याची जागा मोकळी सोडली, हा त्यांचा तर्क. मला तो पटतो, पण पैज लावणार नाही. एवढं नक्की, की पुढच्या काळातल्या छतांवर मंगळाबद्दल ‘तो मागे जातो’ अशी नोंद आहे. म्हणजे वक्री गती त्यांनी हेरली होती. आपली एसटी बैलगाडीला मागे टाकते तेव्हा दूरच्या डोंगरापुढे गाडी उलटी सरकल्यासारखी वाटते ना, तसंच हे. मंगळाला सूर्याभोवती फिरायला ६८७ दिवस लागतात, आपल्याला ३६५. त्यामुळे साधारण २६ महिन्यांनी आपण त्याला गाठून पुढे जातो.

एवढं दिसूनही इजिप्तच्या लोकांनी ग्रहांचं गणित मांडलं नाही. ते केलं बाबिलोनवाल्यांनी. इजिप्तच्या पुरोहिताला हवी होती वेळ. रात्रीचा पूजाविधी कधी, व्याधाचा तारा सत्तर दिवस दिसेनासा होऊन पहाटे पुन्हा कधी उगवणार, कारण त्याच सुमारास नाईलला पूर यायचा. त्यासाठी त्यांनी छत्तीस तारकासमूह धरले, बारा महिने तीस-तीस दिवसांचे केले, वर पाच दिवस जोडले, आणि दिवसाचे बारा व रात्रीचे बारा तास पाडले.

हे चोवीस तास आणि बाबिलोनचे ग्रह एकत्र आले ते अलेक्झांडरनंतरच्या ग्रीक अमलात. आता बोटांवर मोजा. ग्रह मंद गतीपासून शीघ्र गतीकडे लावा: शनी, गुरू, मंगळ, रवी, शुक्र, बुध, चंद्र. प्रत्येक तासाला एक स्वामी द्या. पहिला तास शनीचा, तर बाविसावाही शनीचाच; तेविसावा गुरूचा, चोविसावा मंगळाचा, आणि दुसऱ्या दिवशीचा पहिला रवीचा. शनिवारनंतर रविवार! असंच पुढे गेलात की सोमवार, मंगळवार आपोआप येतात. आपल्या आर्यभटानंही, इ.स. ४९९च्या ग्रंथात, हाच नियम एका श्लोकात बसवलाय: शीघ्रतेच्या क्रमानं दर चौथा ग्रह दिवसाचा स्वामी.

रोमन इतिहासकार डिओ कॅसियस या वारांचं श्रेय सरळ इजिप्तला देतो. गंमत अशी, की फेरोंच्या इजिप्तमध्ये सात दिवसांचा आठवडाच नव्हता. त्यांचा दहा दिवसांचा असे, महिन्याला तीन.