शेजाऱ्याची यादी
(दादर इथं दिलेल्या व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

मघाशी चहाच्या वेळी एका आजोबांनी मला गाठलं. म्हणाले, ‘‘चीनला नेमकं हवंय तरी काय?’’ आजोबा, ते त्यांनी लिहूनच ठेवलंय. २००९ मध्ये अमेरिकेशी बोलताना चीनचे ज्येष्ठ मुत्सद्दी दाई बिंगुओ यांनी आपल्या देशाचे गाभ्याचे हितसंबंध तीन कलमांत सांगितले. अशी यादी मी किराण्याच्या यादीसारखी वाचतो, सगळ्यात वर काय लिहिलंय ते आधी बघतो. आपल्याला वाटतं, वर भूभाग असणार. तो दुसरा. पहिली राज्यव्यवस्था, म्हणजे सरळ मराठीत पक्षाची सत्ता. विकास तिसरा.

हे ध्यानात घेतलं की अक्साई चीन वेगळा दिसायला लागतो. आपल्या लेखी तो लडाखचा, नकाशाचा प्रश्न. त्यांच्या लेखी तो शिनजियांग आणि तिबेट यांना जोडणारा रस्ता, आणि रस्त्याच्या दोन्ही टोकांना पक्षाच्या सत्तेविरुद्धचा असंतोष, म्हणजे बीजिंगची डोकेदुखी. १९५७ मध्ये तो रस्ता पुरा झाला, आणि आपल्याला कळलं कुठून? चिनी वृत्तपत्रातून! हसताय, पण पुढे १९६२ आहे. मध्ये १९५९ मध्ये दलाई लामा आले. आपण एका पाहुण्याला आसरा दिला. तिकडे यादीतल्या पहिल्याच कलमाला धक्का लागला. सीमेच्या बोलण्यांत आपण नकाशा पसरतो, त्यांची नजर तिबेटच्या राजधानीवर, ल्हासावर असते.

समुद्रावर भीतीची बाजू पालटते. घारापुरीच्या लाँचमधून जाताना जवाहर द्वीपाला लागलेले तेलाचे टँकर तुम्ही पाहिले असतील. आपलं सुमारे ८५ टक्के कच्चं तेल असं बाहेरून येतं. चीनचे टँकरही आखातातून निघतात, हिंदी महासागर ओलांडतात आणि मलाक्काच्या सामुद्रधुनीत शिरतात. तिच्या तोंडाशी आपलं ग्रेट निकोबार! ही वाट कुणी अडवली तर, अशी मलाक्काचीच काळजी चीनचे तेव्हाचे अध्यक्ष हू जिंताव यांना २००३ मध्ये लागली होती. पाकिस्तानातलं ग्वादर बंदर किंवा चीनने ९९ वर्षांच्या कराराने घेतलेलं श्रीलंकेतलं हंबनटोटा बंदर बघताना हे विसरू नका. ते म्हणणार, आम्ही वाट सुरक्षित करतोय. आपण म्हणणार, वेढा पडतोय. दोघंही खोटं बोलत नाहीत, हीच पंचाईत.

आणि आपली यादी? २००३ मध्ये अण्वस्त्र धोरण एका छोट्या पत्रकातून जाहीर झालं. राष्ट्रीय सुरक्षेचं एकसंध धोरण मात्र आजवर छापून आलेलं नाही. झाकली मूठ सव्वा लाखाची, असं मीही बरीच वर्षं म्हणायचो.

मग १२ ऑक्टोबर २०२० उजाडला. मुंबईची वीज गेली, लोकल जागच्या जागी उभ्या. पुढे राज्याच्या गृहमंत्र्यांनी सायबर घातपाताचा संशय बोलून दाखवला, केंद्रीय ऊर्जामंत्री म्हणाले, माणसाची चूक. कोण बरोबर, त्यात मी पडत नाही. पण विजेची तार ही सीमेसारखी राखायची की नुसती दुरुस्त करायची, हे तोवर कुणी ठरवलं होतं का?

चला, प्रश्न घेऊ. माइक जरा मागच्या रांगेत द्या.