स्कूप घ्यायचा की नाही?

(संध्याकाळ. विश्रामबागेतला रस्ता. पहिल्या मजल्यावरची जिमची काच.)

संध्याकाळी सातच्या सुमाराला सांगलीत विश्रामबागच्या कुठल्याही जिमच्या जिन्यात थोडा वेळ उभं राहा. दिवसभर काम करून आलेली पोरं एकेक करून वर चढत असतात. कुणी कुपवाडच्या एमआयडीसीतून आलेला, कुणी कॉलेजातून, कुणी दुकान धाकट्या भावावर सोपवून. वर गेल्यावर बॅगेतून शेकर निघतो. लालभडक पावडरीचा एक स्कूप, वर गार पाणी, झाकण घट्ट, आणि चार घोटांत सगळं पोटात. पंधरा-वीस मिनिटांनी कान तापतात, बोटांच्या टोकांना आणि गालांवर मुंग्या येतात. पोरगा आरशात बघून म्हणतो, "लागली बघ!"

याला म्हणतात प्री-वर्कआउट. डब्याची किंमत दीड-दोन हजारांपासून पुढं. महिना संपला की डबाही संपतो. आमचा प्रश्न साधा आहे. व्यायामाच्या आधी हे घेऊन काही मिळतं का?

(डब्यामागचं लेबल, जवळून.)

आधी त्या मुंग्यांचं बघू, कारण बहुतेकांना डब्याचा गुण तिथंच पटतो. मुंग्या येतात बीटा-ॲलनिनमुळं. हे अमिनो आम्ल त्वचेतल्या मज्जातंतूंना चाळवतं. तासाभरात मुंग्या जातात, अपाय काही होत नाही. पण त्यांचा ताकदीशी संबंधही काही नाही. बीटा-ॲलनिनचं खरं काम स्नायूंतलं कार्नोसिन वाढवण्याचं. दमछाक होताना स्नायूंत जी आम्लता साठते, ती हे कार्नोसिन थोपवून धरतं. त्यासाठी रोज चार ते सहा ग्रॅम, तेही सलग काही आठवडे घ्यावं लागतं. फायदा दिसतो तो एक ते चार मिनिटं जीव तोडून करायच्या कामात. आज घेतलं आणि आजच बेंच प्रेसला पाच किलो जास्त उचललं, असं त्यानं होत नाही.

मग आज जी तरतरी आली, ती कुठून आली? कॅफिनमधून. चहा-कॉफीतलंच कॅफिन.

दिवसभर आपण जागे असतो तेव्हा मेंदूत ॲडेनोसिन नावाचं द्रव्य साठत जातं. ते आपल्या ठरलेल्या जागी जाऊन बसलं की शरीराला थकवा कळतो, झोप येते. कॅफिन आधीच त्या जागा अडवून बसतं, एसटीत रुमाल टाकून सीट धरावी तसं. ॲडेनोसिन कमी झालेलं नसतं, त्याला बसायला जागा मिळत नाही एवढंच. म्हणून वजन हलकं वाटतं, दम उशिरा लागतो. हे खरं आहे आणि अभ्यासांत पुन:पुन्हा दिसलेलं आहे. शरीराच्या दर किलोमागे तीन ते सहा मिलिग्रॅम कॅफिन व्यायामाच्या पाऊण-एक तास आधी घेतलं, तर कामगिरी थोडी सुधारते. थोडी म्हणजे दोन-चार टक्क्यांच्या घरात. शर्यतीत हा फरक मोठा. रोजच्या जिममध्ये तो म्हणजे शेवटच्या सेटला वजन एक-दोनदा जास्त उचलणं.

आता हिशेब करा. साठ किलोच्या पोराला किलोमागे तीनच्या दरानं १८० मिलिग्रॅम लागतं. चिकोरी न मिसळलेल्या इन्स्टंट कॉफीच्या एका लहान चमच्यात साठएक मिलिग्रॅम असतं. तीन चमचे कॉफी गरम पाण्यात ढवळा, डब्यातल्या एका स्कूपचं मुख्य काम झालं. चहानं तेवढं भागणार नाही. आपल्या दुधाच्या कपभर चहात तीस-पन्नास मिलिग्रॅमच असतं.

डब्यातली बाकीची नावं झटपट बघू. क्रिएटिन उत्तम आहे. सगळ्यांत जास्त तपासलेल्या पूरक पदार्थांपैकी ते एक. पण ते रोज तीन ते पाच ग्रॅम, कुठल्याही वेळी घ्यायचं असतं, कारण स्नायूंत हळूहळू साठून ते काम करतं. ते सुटं घ्या, स्वस्तही पडतं. सिट्रुलीन या अमिनो आम्लाबद्दलचे निष्कर्ष संमिश्र आहेत. बिटातलं नायट्रेट उपयोगी पडतं, पण ते दोन-तीन तास आधी घ्यावं लागतं. शिवाय त्याचं नायट्राइटमध्ये रूपांतर तोंडातले जीवाणू करतात, म्हणून जंतुनाशक माउथवॉशनं चूळ भरली की फायदा गेला. आंतरराष्ट्रीय ऑलिम्पिक समितीच्या तज्ज्ञांनी २०१८ मध्ये कामगिरी थेट वाढवणारे म्हणून मोजकेच पदार्थ मान्य केले: कॅफिन, क्रिएटिन, नायट्रेट, बीटा-ॲलनिन आणि बायकार्बोनेट. म्हणजे आपला खायचा सोडाच. डब्यावर मात्र पंधरा-वीस नावं असतात.

त्यातला 'प्रोप्रायटरी ब्लेंड' हा शब्द नीट वाचा. त्याच्यापुढं सगळ्या मिश्रणाचं एकच वजन लिहिलेलं असतं. कुठला पदार्थ किती, हे सांगितलेलंच नसतं. असा डबा दुकानदाराला परत द्यावा, हे आमचं स्पष्ट मत. ज्यात कॅफिन किती आहे ते कळत नाही, ती वस्तू पोटात का घालायची? निरोगी प्रौढ माणसानं दिवसभरात सगळं मिळून ४०० मिलिग्रॅमच्या वर कॅफिन जाऊ देऊ नये असं मानतात. काही डब्यांच्या एकाच स्कूपमध्ये ३०० असतं. त्यावर दिवसभरातले चहा आणि एखादं एनर्जी ड्रिंक मिळवा. छातीत धडधड का होते, याचं उत्तर या बेरजेत आहे. कोरडी पावडर तशीच तोंडात टाकायची टूम व्हिडिओ बघून आली आहे. त्यात ठसका लागून पावडर श्वासनलिकेत जाऊ शकते, आणि सगळं कॅफिन एकदम अंगात भिनतं.

(रात्र. जिम बंद होते आहे. गाड्या सुरू होतात.)

आम्हाला सगळ्यांत जास्त काळजी वाटते ती रात्रीची. कॅफिन रक्तातून निम्मं व्हायला साधारण पाच तास लागतात. सात वाजता २०० मिलिग्रॅम घेतलं, तर बारा वाजता १०० शिल्लक. पोरगा अंथरुणात मोबाईल बघत पडून राहतो आणि सकाळी सातला पाळीवर हजर व्हायचं असतं. एका अभ्यासात झोपायच्या सहा तास आधी ४०० मिलिग्रॅम कॅफिन दिलं, तेव्हा झोप तासाभराहून जास्त घटली. स्नायू भरून निघतात ते झोपेत. झोप कमी, म्हणून दुसऱ्या दिवशी थकवा. थकवा, म्हणून पुन्हा स्कूप. मग एक पुरेना, दीड.

तालमीत वस्ताद पहिलवानाच्या चालीवरून ओळखतो की आज हा दमलाय. त्याच्या जोर-बैठका तो कमी करतो, आखाड्यात उतरू देत नाही. हीच माती पहिलवान मारुती मानेंच्या कवठेपिरानची, ज्यांनी १९६२ च्या जकार्ता आशियाई स्पर्धेत सुवर्ण आणि रौप्य आणलं. खुराकाचे जुने हिशेब सगळेच बरोबर होते असं नाही. पण दमलेल्या शरीराचं ऐकायचं हे तालमीला ठाऊक होतं. जिममध्ये हे बघायला वस्ताद नसतो, आणि स्कूप घेतला की पोराला स्वतःलाही दम कळत नाही.

बरं, व्यायामाआधी पोटात काय असावं? दुपारी एकला डबा खाल्लेला पोरगा सातला वजनं उचलायला आला, तर त्याला खरी उणीव जेवणाची असते. साडेपाच-सहाला केळं, पोहे किंवा दूध-भाकरी. आणि आपल्याकडं तर तासगावचा बेदाणा आहे. सांगलीच्या बेदाण्याला भौगोलिक मानांकन आहे. मूठभर, म्हणजे चाळीसएक ग्रॅम बेदाण्यात तीस ग्रॅमच्या आसपास कर्बोदकं असतात, आणि ती लवकर पचतात. लांब पल्ल्याच्या खेळाडूंसाठी विकतात त्या साखरेच्या गोळ्यांशी बेदाण्याची तुलना झाली आहे, त्यात तो कमी पडला नाही.

(पहाट. मैदान. पळणारी मुलं-मुली.)

पोलीस भरतीची तयारी करणारी पोरं पहाटे मैदानावर असतात. सोळाशे मीटर, शंभर मीटर, गोळाफेक. एकेका सेकंदावर गुण, आणि गुणांवर घरादाराची आशा. त्यांच्यापर्यंत स्कूपच्या पुढची वस्तू पोहोचते आहे: मेफेंटरमाईनचं इंजेक्शन. भूल दिल्यावर रुग्णाचा रक्तदाब फार खाली गेला तर तो वर आणायला डॉक्टर हे वापरतात. चिठ्ठीशिवाय ते विकणं बेकायदा आहे, आणि राज्यात पोलिसांनी त्याचे साठे जप्त केले आहेत. 'हे पण प्री-वर्कआउटच' असं सांगून ते कुणी पुढं केलं, तर ते हातातही घेऊ नका. त्यानं रक्तदाब भडकतो, हृदयाचे ठोके बिघडतात, सवय लागते. ज्यानं आधीच घेतलंय, त्यानं लाज न बाळगता डॉक्टरांना सांगावं. मिरजेसारखं दवाखान्यांचं गाव आपल्या शेजारी आहे.

स्पर्धा खेळणाऱ्यांनी आणखी एक ध्यानात ठेवावं. कॅफिन २००४ पासून बंदीच्या यादीत नाही. पण काही डब्यांत लेबलावर नसलेली बंदी घातलेली उत्तेजकं सापडली आहेत, आणि चाचणीत काही आढळलं तर जबाबदारी खेळाडूचीच धरली जाते. ज्या सांगलीच्या संकेत सरगरनं २०२२ मध्ये बर्मिंगहॅमच्या राष्ट्रकुल स्पर्धेत वेटलिफ्टिंगच्या ५५ किलो गटात २४८ किलो उचलून रौप्य जिंकलं, तिथल्या होतकरू पोरांची कारकीर्द अशा डब्यापायी जायला नको.

तरीही घ्यायचंच असेल, तर अठरा पूर्ण हवीत. रक्तदाब, हृदयाचा त्रास किंवा गरोदरपण असेल तर आधी डॉक्टरांना विचारा. डब्यावर एफएसएसएआयचा चौदा अंकी परवाना क्रमांक आणि प्रत्येक पदार्थाचं वेगळं वजन बघा. सुरुवात अर्ध्या स्कूपनं करा, आणि दुपारनंतर घेऊ नका. संध्याकाळी सातला जिममध्ये येणाऱ्यांनी तर घेऊच नये. त्यांच्यासाठी सहा वाजताचं केळं आणि रात्री दहाला बंद केलेला मोबाईल.