सोलापूरचं ऊन आणि पानाची दुपार

[दृश्य: जानेवारी. मंगळवेढ्याचं काळं रान, हुरड्यावर आलेली ज्वारी. सकाळचे सात. पानाच्या टोकाला दवाचा थेंब.]

ऊन कमी पडतंय, अशी तक्रार सोलापुरात सहसा कुणी करत नाही. सकाळी सात वाजता ज्वारीचं पान मात्र तीच करत असतं. रात्रभर मुळांनी ओल वर ओढली आहे. पानावरची बारीक तोंडं, म्हणजे पर्णरंध्रं, उघडू लागली आहेत. हवेतला कार्बन डायऑक्साइड दाराशी उभा आहे. पीठ मळून झालंय, चूल तेवढी पेटायची आहे. सूर्य हातभर वर आला की पानातलं प्रकाशसंश्लेषण वेग घेतं.

पण ऊन वाढेल तसा हा वेग वाढतच जातो का?

[दृश्य: शहरातली गच्ची. काचेच्या बरणीत हायड्रिला, शेजारी दिवा. देठातून सुटणारे बुडबुडे, अगदी जवळून.]

ही पाणवनस्पती शाळेच्या प्रयोगशाळेतून आणली. कापलेल्या देठातून ऑक्सिजनचे बुडबुडे एकामागोमाग सुटतात, बोटावर मोजता येतील इतके सावकाश. दिवा जवळ आणला, बुडबुडे वाढले. आणखी जवळ आणला, आणखी वाढले. मग एक वेळ अशी आली की दिवा बरणीला टेकवला तरी फरक पडेना. तेव्हा पाण्यात चिमूटभर खाण्याचा सोडा टाकला. त्यातून पानाला कार्बन मिळतो. बघा, आता बुडबुडे मोजता येत नाहीत.

१९०५ मध्ये केंब्रिजचे वनस्पतिशास्त्रज्ञ फ्रेडरिक ब्लॅकमन यांनी नेमकी हीच गोष्ट नियमात बांधली. एखादं काम अनेक गोष्टींवर अवलंबून असेल, तर ज्या गोष्टीची सर्वात जास्त चणचण, तीच कामाचा वेग ठरवते. सोलापूरच्या माणसाला हे पुस्तकातून शिकवावं लागत नाही. धोट्यातली सुताची कांडी संपली की कापडाचा माग थांबतो, मग मोटार कितीही जोरात फिरू दे.

[दृश्य: एप्रिल. सांगोल्याकडची डाळिंबाची बाग, झाडांवर पांढरं आच्छादन. दुपारचा एक.]

आता हीच गोष्ट चाळिशी ओलांडलेल्या पाऱ्यात बघू. आमचा कॅमेरा इथे तापून दोनदा बंद पडला. झाडाची गतही फार वेगळी नाही, फक्त ते सावलीत जाऊन बसू शकत नाही.

ऊन भरपूर आहे, खरं तर गरजेपेक्षा जास्त. डाळिंबाच्या पानाला भर दुपारचं सगळं ऊन वापरताच येत नाही. म्हणून आच्छादनाने थोडं ऊन अडवलं तरी पानाचं फारसं बिघडत नाही, आणि फळ करपण्यापासून वाचतं. खरी अडचण दारात आहे. कार्बन आत घ्यायचा तर पर्णरंध्रं उघडी हवीत, आणि त्याच दारातून पाणी उडून जातं. कार्बन डायऑक्साइडचा एक रेणू आत येईपर्यंत पाण्याचे शेकडो रेणू बाहेर पडतात. हवेत हा वायू आहे तरी किती? दहा लाख भागांत सव्वाचारशेच्या आसपास. कारखानदारीच्या आधी तर २८० च होता. एवढ्याशा मालासाठी एवढं पाणी खर्चायचं, तेही जिथे वर्षाचा पाऊस साडेपाचशे मिलिमीटरच्या आसपास आहे तिथे! झाड दुपारी दार ओढून घेतं. ऊन आहे, माणसं आहेत, माग चालू आहे, कांड्या नाहीत.

उष्णता आणखी एक खोडी काढते. कार्बन पकडणारं विकर (एन्झाइम), रुबिस्को, गरम हवेत चुकून ऑक्सिजनच जास्त पकडू लागतं. मग केलेल्या कामातलं बरंचसं निस्तरण्यात जातं. डाळिंब, हरभरा, तूर, करडई, सगळ्यांनाच हा भुर्दंड आहे.

ज्वारीला आणि उसाला तो जवळजवळ नाही. १९६६ मध्ये ऑस्ट्रेलियात हॅच आणि स्लॅक या दोन शास्त्रज्ञांनी उसाच्या पानावर काम करून त्यामागचा मार्ग उलगडला. ही पिकं कार्बन आधी चार कार्बनच्या आम्लात पकडतात, मग आतल्या पेशींत नेऊन रुबिस्कोच्या पुढ्यात दाटीने ओततात. त्यामुळे दार किलकिलं असलं तरी भागतं. ऊस म्हणजे पाण्याची नासाडी, असं सरसकट बोललं जातं. पानाच्या हिशेबात ऊस काटकसरीच आहे. पण तो बारा-चौदा महिने रानात उभा असतो, आणि उजनी धरणाला बिल त्या महिन्यांचं येतं.

[दृश्य: पुन्हा ज्वारीचं रान, महिन्याभरानंतर. जमिनीला भेगा. पान सुरळीसारखं वळलेलं.]

काटकसरी ज्वारीलाही हद्द आहे. रब्बीची मालदांडी ज्वारी बहुतेक वेळा मुरलेल्या ओलीवरच वाढते. ओल खाली गेली की पान आपली कडा आत वळवतं, उन्हाला कमी अंग दाखवतं. मी सुरळी झालेलं पान दाखवून म्हटलं, पीक गेलं की काय. बांधावरचे आजोबा हसले. "मालक, दुपारचं पान बघून काय कळतंय? सकाळी या. सकाळी बी असंच दिसलं तर मग माझ्याकडं बघा."

दुसऱ्या दिवशी सहाला गेलो. पान सरळ होतं.

[दृश्य: उसाची पिवळी पडलेली कोवळी पानं, शिरा हिरव्या.]

जाता जाता हेही बघा. पाणी आहे, ऊन आहे, तरी पान पिवळं. याला इथे केवडा म्हणतात. चुनखडीच्या जमिनीत लोह असतं, पण मुळांना ते घेता येत नाही, आणि लोहाविना हरितद्रव्य तयार होत नाही. इथे मागच अपुरा आहे.

[दृश्य: रात्रीचे अकरा. ड्रॅगन फ्रूटची बाग, खांबांवरून लोंबणाऱ्या हिरव्या फांद्या. विजेरीचा उजेड.]

आणि हे निवडुंगाच्या जातीतलं झाड. दुपारच्या त्या व्यवहारात ते पडतच नाही. आता, गारव्यात, त्याची दारं उघडी आहेत. कार्बन आत घेऊन ते आम्लाच्या रूपात साठवतं आणि दिवसा दार लावून त्याची साखर करतं. वाढ जरा संथ, पण पाणी वाचतं.

हीच युक्ती कुंडीतल्या पानफुटीचीही. १८१५ च्या सुमारास वनस्पतिशास्त्रज्ञ बेंजामिन हेन यांनी हिंदुस्थानात तिची पानं चाखून नोंद केली होती. आम्हीही कणभर पान जिभेवर ठेवून पाहिलं. पहाटे कैरीसारखं आंबट. दुपारी नुसतं पाणचट.