भरती येईपर्यंत

(दृश्य : चोडण बेट, मांडवीचा काठ. हिवाळ्यातली पहाट. दोन हात, तंगूस, गरी.)

तंगूस, म्हणजे मासेमारीचा नायलॉनचा दोर, गरीच्या, म्हणजे गळाच्या, नेढ्यातून ओवायचे, त्याचे टोक मूळ दोराभोवती पाच-सहा वेळा फिरवायचे, नेढ्यापाशी उरलेल्या फटीतून ते परत आत घ्यायचे आणि गाठ आवळण्यापूर्वी ती ओठांत धरून ओली करायची. कोरडी गाठ आवळली तर घर्षणाच्या उष्णतेने नायलॉन दुबळे होते आणि मोठा मासा नेमका तिथेच दोर तोडून जातो. हे कारण आजोबांनी नातीला अजून सांगितलेले नाही. त्यांनी गाठ ओठांत धरली, म्हणून तिनेही धरली. आठ वर्षांच्या या मुलीने आज सकाळपासून बांधलेली ही तिसरी गाठ आहे. पहिल्या दोन आजोबांनी एकेका हिसक्यात सोडवून दाखवल्या आणि दोर पुन्हा तिच्या हातात दिला.

(दृश्य : धुके, खारफुटी, समोरून जाणारी फेरीबोट.)

रायबंदरहून फेरीबोटीने मांडवी ओलांडली की चोडण लागते. बेटाच्या एका टोकाला डॉ. सलीम अली यांच्या नावाचे पक्षी अभयारण्य आहे, आणि गावाच्या कडेने नदी व शेत यांच्यामध्ये मातीचे बांध घातलेले आहेत. या बांधांच्या आतली खाजन जमीन एके काळी नदीच्या भरतीखाली जात असे. पूर्वजांनी माती, गवत आणि चिरे यांचे बांध घालून ती मिळवली, आणि पाण्याची ये-जा होण्यासाठी बांधात जागोजागी मानशी बसवल्या; मानस म्हणजे पाण्याचे लाकडी दार. गोव्यात अशी खाजन जमीन साधारण 18,000 हेक्टर असल्याचे सांगितले जाते. तिच्यात पावसाळ्यात खारे पाणी सोसणारे कोरगुट भात होते आणि एरवी तिच्या आतल्या पोंयींत, म्हणजे तळ्यांत, सुंगटे (कोळंबी) व मासे वाढतात.

(दृश्य : मानशीचे लाकडी दार जवळून. पाण्याचा आवाज तसाच ठेवावा.)

हे दार कोणी हाताने ओढत नाही. ओहोटीला नदीचे पाणी खाली गेले की आतल्या पाण्याच्या रेट्याने ते बाहेरच्या बाजूला उघडते, आणि भरती चढू लागली की नदीच रेटा देऊन ते मिटवते. लाकूड, बिजागर आणि चंद्र यांच्यावर चालणारी ही व्यवस्था गोव्यात पोर्तुगीज येण्याच्या कितीतरी आधीपासून चालत आली आहे. बांधाला भगदाड पडून दुरुस्ती रखडली, की एकदोन पावसाळ्यांत शेत आणि मानस दोन्ही जातात.

मानशीतल्या मासळीचा हक्क पावणीत बोली लावून दिला जातो, म्हणून हे कुटुंब दाराच्या आत गरी टाकत नाही. ते बसते बाहेर, नदीच्या अंगाला, बांधाच्या दगडांवर. आजोबा, त्यांचा मुलगा, सून आणि नात. रविवारची ही जागा आजोबांना त्यांच्या वडिलांनी दाखवली होती.

(दृश्य : नात बोटांच्या पेरांवर मोजते आहे.)

निघण्याआधी घरी एक हिशेब झाला आहे. तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ मिळते. आज प्रतिपदा, म्हणजे भरती पाऊण वाजता आणि त्याच्या सहा तास आधी, पावणेसातला, ओहोटी संपणार. चतुर्थीला भरती तीन वाजता, अष्टमीला सहा वाजता. चंद्र रोज सुमारे 50 मिनिटे उशिरा माथ्यावर येतो, आणि पाऊणपटीचा हा सोपा नियम त्याच्यावरच बेतलेला आहे. किनाऱ्यागणिक आणि नदीत आत जावे तसतसे त्यात थोडे मागेपुढे होते, आणि ते मागेपुढे किती हे ज्याचे त्याने आपल्या जागेवर बसून शिकायचे असते. अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास उधाण, म्हणजे मोठी भरती, अष्टमीच्या आसपास भांग, म्हणजे लहान भरती, हे नातीला आता पाठ झाले आहे. भरतीचे कोष्टक मोबाइलवर क्षणात दिसते, आणि आजोबांच्या मुलाच्या मोबाइलवर ते आहेही. तरीही या घरात पेरांवरचा हिशेब आधी होतो आणि मोबाइल नंतर उघडला जातो. आमच्या मते हाच क्रम बरोबर आहे.

(दृश्य : डब्यातली जिवंत सुंगटे. बोटे जवळून.)

चोणकासाठी, म्हणजे जिताड्यासाठी, आमिष जिवंत हवे. सुंगट हातात धरले की त्याच्या पारदर्शक डोक्यात एक काळसर ठिपका दिसतो. गरी त्याच्यापुढे, शिंगाच्या मुळाशी असलेल्या कठीण कवचातून अलगद पार करायची. त्या ठिपक्याला धक्का लागला तर सुंगट मरते, आणि मेलेल्या सुंगटाकडे चोणक वळूनही पाहत नाही. सूनबाईंच्या हातांचे हे काम पाहण्यासारखे आहे. त्या सत्तरी तालुक्यातल्या, म्हणजे डोंगराकडच्या. लग्नापूर्वी त्यांनी खाऱ्या पाण्यात गरी टाकली नव्हती. सासऱ्यांनी त्यांना इथे शिकवले, आणि आज लांब फेक करायची असेल तर काठी त्यांच्याच हाती दिली जाते.

नातीची गरी बारीक आहे आणि तिला कणकेचा चण्याएवढा गोळा लावलेला आहे, कारण तिला हवे आहे काळुंदर. काळुंदराचे तोंड लहान. तो दगडावरचे शेवाळ आणि तळाचा गाळ टिपत फिरतो, आमिष गिळत नाही, कुरतडतो. त्यामुळे दोराला बांधलेले तरंगते बूच बुडायची वाट पाहून उपयोग नसतो. बूच नुसते थरथरते, आणि त्या थरथरीतली कोणती लाटेची व कोणती माशाची, हे ओळखायला डोळे आणि तर्जनी एकत्र शिकावी लागतात.

(दृश्य : बूच. लांब, न तोडलेला शॉट. निवेदन थांबवावे.)

(दृश्य : काठी वाकते.)

तळहाताएवढा काळुंदर. हिरवट अंगावर मोत्यांसारखे ठिपके, आणि पाठीवर काटेरी पर, म्हणून तो डोक्याकडून हात फिरवत, काटे दाबूनच धरायचा. हे मात्र आजोबांनी शब्दांत सांगितले, दोनदा सांगितले. काळुंदराची जोडी आपली अंडी पाण्यातल्या दगडाला किंवा लाकडाला चिकटवते आणि नर-मादी दोघेही त्यांच्यावर पहारा करतात. केरळने याच माशाला राज्यमासा केले आहे, आणि गोव्याचा राज्यमासा आहे शेवटो, जो याच वेळी मागे पाण्याबाहेर उड्या मारतो आहे.

(दृश्य : शेवट्यांच्या उड्या.)

चोणक आज लागला नाही. तीन तासांत एकदाच काठीला जोरकस ओढ बसली, दोर सैल झाला, आणि वर आलेल्या गरीवर सुंगटाचे अर्धेच शरीर होते. चोणकाचे आयुष्यही ऐकण्यासारखे आहे. तो नर म्हणून मोठा होतो, काही वर्षे नदीत व खाडीत घालवतो, प्रजननासाठी मुखाकडच्या खाऱ्या पाण्यात उतरतो आणि पुढे वाढत्या वयात मादी होतो. म्हणजे सगळ्यांत मोठा चोणक ही बहुतेक वेळा अंडी घालणारी मादी असते. हे कळल्यापासून या घरात फार मोठा चोणक फोटो काढून परत सोडतात.

(दृश्य : सत्तरी. पावसाळा. भाताच्या खाचरांतून वाहणारा ओहोळ.)

हेच कुटुंब, जुलै महिना, सूनबाईंचे माहेर. भीमगडच्या बाजूने गोव्यात उतरणारी म्हादई सत्तरीतून वाहत जाते आणि खाली तिचेच नाव मांडवी होते. चोडणच्या बांधावर जे पाणी येते त्यातले काही इथून गेलेले असते. 1 जून ते 31 जुलै असे 61 दिवस समुद्रात यांत्रिक बोटींना मासेमारी बंद असते, आणि त्या दिवसांत गोव्याच्या अंतर्भागातले लोक ओहोळांकडे वळतात. इथली साधने वेगळी आहेत : बांबूची काठी, हातभर दोर, गांडूळ. रीळ नाही, शिसे नाही. वाहत्या पाण्यात दगडाआड जिथे पाणी संथ फिरते तिथे गरी सोडायची, आणि छत्री मात्र मागच्याने धरायची.

(दृश्य : मामा, दोन भाचरे, छत्री. पावसाचा आवाज.)

पहिल्या मोठ्या पावसांत मासे प्रवाहाविरुद्ध वर चढतात, पाणी भरलेल्या शेतांतही शिरतात. हे चढणीचे मासे पकडण्याचा उत्साह गावोगाव दांडगा असतो, आणि आमच्यापैकी अनेकांच्या लहानपणीच्या आठवणींत तो आहे. पण ते चढतात अंडी घालायला, आणि वाट अडवून सगळेच उपसले तर पुढच्या पावसात ओहोळात पाणीच तेवढे येते. मामा चढण संपल्यावर गरी बाहेर काढतात.

(दृश्य : खाचराच्या कोपऱ्यातले साचलेले पाणी. तांबडा पुंजका. कॅमेरा स्थिर.)

इथे थोडे थांबू. पाण्याच्या पृष्ठभागाखाली जो तांबडा, हलता पुंजका दिसतो आहे, ती मरळीची पिले आहेत. मरळ हवेत श्वास घेऊ शकते, म्हणून उथळ, गढूळ पाण्यातही ती टिकते. पिलेही श्वासासाठी वारंवार वर येतात, आणि तो सगळा पुंजका एकदम उकळल्यासारखा दिसतो. त्यांच्या खाली, दिसत नसले तरी, आईबाप आहेत. पिलांजवळ आलेल्या कशावरही मरळ झेप घेते, त्यामुळे या घडीला तिला गरीवर घेणे अतिशय सोपे असते. मामांनी दोन्ही मुलांच्या काठ्या वर उचलल्या, दोर गुंडाळले आणि तिघेही पुढच्या कोंडीकडे चालू लागले. मुलांनी का असे विचारले नाही. पुंजक्याकडे मागे वळून पाहत मात्र दोघेही गेली.

(दृश्य : केरी किनारा. सुरूची झाडे, पलीकडे तेरेखोलचा किल्ला. हिवाळ्यातली संध्याकाळ.)

गोव्याचे उत्तर टोक. तेरेखोल नदी इथे समुद्राला मिळते, आणि पलीकडच्या काठावरचा किल्लाही गोव्याचाच आहे. आज षष्ठी. भरती दुपारी चढली, आता उतरते आहे, आणि उतरत्या पाण्याबरोबर वाळूतले बारीकसारीक जीव उघडे पडतात तिथे मुडदुशे चरायला येतात. चंदेरी, निमुळता, हाडांचा त्रास नसलेला हा मासा गोव्यातल्या घरांत लहान मुलांना आणि आजाऱ्यांना आवर्जून दिला जातो.

वाळूवर पाय रोवायचे, काठी खांद्यामागे न्यायची, बोटाने दोर अडवून धरायचा आणि काठी डोक्यावरून पुढे येत असताना नेमक्या क्षणी तो सोडायचा. लवकर सोडला तर शिसे आभाळात जाते, उशिरा सोडला तर पायाशी आपटते. फेकण्यापूर्वी मागे वळून पाहायचे, कारण मागे माणसे आहेत आणि गरीला डोळे नसतात. हा नियम मोडणाऱ्याची काठी त्या दिवसापुरती काढून घेतली जाते, मग तो कोणीही असो. केरीच्या दक्षिणेला खडपांवरूनही गरवतात, तिथे मोठे तामसे आणि गोब्रे लागतात; पण मुले बरोबर असताना हे कुटुंब खडपावर जात नाही. ओल्या शेवाळावर पाय ठरत नाही आणि समुद्राकडे पाठ फिरवली की लाट सांगून येत नाही.

(दृश्य : सूनबाईंची फेक, संथ गतीत. दोराची वाऱ्यावरची कमान.)

शिसे लाटांच्या दुसऱ्या रांगेमागे पडले. दोर ताणून बोटावर घेतला. आता करण्यासारखे काही नाही. आजोबा सुरूच्या मुळावर बसले आहेत, मुलगा थर्मासमधला चहा ओततो आहे, आणि पाण्याकडे तोंड करून चौघे बोलत आहेत : शाळेतले, शेजारचे, घराच्या कौलांचे. आठवडाभर एका छपराखाली राहूनही ज्या गोष्टी राहून जातात त्या इथे निघतात. आम्ही ध्वनिमुद्रक बाजूला ठेवला होता, म्हणून त्या तुम्हाला ऐकवता येत नाहीत.

(दृश्य : सात मुडदुशे वाळूवर, त्यांच्या बाजूला दोराची वीत.)

नऊ लागले, सात ठेवले. विताहून लहान ते परत. तुटलेला तंगूस गुंडाळून खिशात गेला, कारण वाळूत राहिलेल्या दोरात बगळ्याचा पाय अडकतो.

(दृश्य : मावळतीनंतरचा उजेड. काठ्या खांद्यावर, चौघे सुरूच्या बनातून जाताना.)

नात चालता चालता बोटे मोजते आहे. आज षष्ठी, पुढच्या रविवारी त्रयोदशी. तेराची पाऊणपट तिला सहज जमत नाही, ती दोनदा चुकते, वडील सांगू पाहतात, आजोबा त्यांना हाताने थांबवतात.

"पावणेदहा," ती म्हणते.

"आणि आपल्या बांधावर?"

ती थोडा वेळ चालत राहते. "ते बसून बघावे लागेल, आजोबा."