निखारे घरात घेताय? थांबा! मराठवाड्यातली थंडी आणि गावाची तयारी

नमस्कार मंडळी. पारा उतरायला लागला की एक प्रश्न हमखास येतो: "मराठवाड्यात थंडी ती केवढी, तिच्यासाठी गावानं वेगळी तयारी कशाला?" तयारी लागते. आणि येळवस (मार्गशीर्षातली वेळ अमावस्या) आली की धावपळ करून भागत नाही, दिवाळी झाली की लगेच लागायला हवं.

आकडे पटकन. किमान तापमान 10 अंश किंवा त्याखाली आणि सरासरीपेक्षा साडेचार अंशांनी कमी झालं, की हवामान विभाग थंडीची लाट म्हणतो. परभणीच्या कृषी विद्यापीठात पारा 5 अंशांच्या खाली गेल्याच्या नोंदी आहेत. आभाळ निरभ्र, हवा कोरडी, वारं उत्तरेचं. रानानं दिवसभर धरलेली ऊब रात्रीतून उडून जाते, आणि गार हवा जड असल्यानं ओढ्याकाठी, सखल भागात साचते. एक गोष्ट मात्र बातमीत कधी येत नाही. हा पारा मोजतात जमिनीपासून सव्वा मीटर उंचीवर, पांढऱ्या पेटीत. वारं पडलेल्या रात्री भुईलगत त्याहून दोन-तीन अंश कमी असतं. म्हणजे बातमीतला 7 हा उसाच्या फडातल्या कोपीत, म्हणजे तोडणी कामगारांच्या झोपडीत, भुईवर झोपलेल्या लेकरासाठी 7 नसतोच.

आता मुद्द्याचं. शेगडी.

बहुतेकांचा हिशोब असा असतो: बाहेर लाकडं पेटवायची, धूर जाऊ द्यायचा, लालबुंद निखारे झाले की घमेल्यात घेऊन घरात ठेवायचे. धूर गेला म्हणजे धोका गेला. नाही! नेमकं उलटं आहे. धूर डोळ्यांना झोंबतो, खोकला येतो, माणूस उठून दार उघडतो. निखाऱ्यातून निघणाऱ्या कार्बन मोनॉक्साइडला रंग नाही, वास नाही, तो झोंबतही नाही. राखेचा थर चढलेल्या निखाऱ्याला हवा कमी मिळते, कोळसा अर्धवट जळतो आणि हाच वायू तयार होतो. रक्तातलं हिमोग्लोबिन त्याला ऑक्सिजनपेक्षा दोनशे पटींहून जास्त घट्ट धरतं. डोकं दुखतं, मळमळतं, पाय लटपटतात. झोपलेल्याला तेवढंही कळत नाही.

"आम्ही खिडकीची फट ठेवतो," असं बरेच जण लिहितात. फटीवर भरवसा ठेवू नका. वारं पडलं की फटीतून हवा फिरत नाही, आणि पहाटे गारठा वाढला की घरातलंच कुणीतरी उठून तिथं चिंधी कोंबतं. "शेजारी पाण्याचं भांडं ठेवलं तर?" हा वायू पाण्यात जवळजवळ विरघळतच नाही. भांड्यानं काही होत नाही.

तोच वायू न्हाणीघरातही असतो. दार-खिडकी लावून आत गॅस गिझर लावलाय, एकामागून एक चौघं आंघोळ करताहेत, तर चौथ्याला चक्कर येते. गिझर बाहेरच्या भिंतीला बसवा, पाण्याचा पाइप आत घ्या. ते होत नसेल तर बादली भरून घ्या, गिझर बंद करा, दार उघडून हवा जाऊ द्या, मग आंघोळ.

म्हणून तिसऱ्यांदा सांगते: धूर दिसो न दिसो, पेटलेलं काहीही झोपायच्या खोलीत नको. शेकोटी अंगणात, शेकून झालं की पाणी ओतून विझवायची, मग आत.

कुणी बेशुद्ध सापडलं तर श्वास धरून आत जा, दार उघडा, माणसाला ओढून मोकळ्या हवेत आणा, 108 लावा आणि "खोलीत कोळसा पेटला होता" हे स्पष्ट सांगा. कोरोनाच्या वेळचा ऑक्सिमीटर लावून 98 दिसलं म्हणून घरी थांबू नका. त्या यंत्राला ऑक्सिजन आणि हा वायू यांतला फरक कळत नाही. साध्या हवेत रक्तातला निम्मा वायू निघायला चार-पाच तास लागतात, दवाखान्यात शुद्ध ऑक्सिजनवर तास-दीड तास. म्हणून दवाखाना.

मग ऊब आणायची कुठून? खालून. दोन वाकळा असतील तर एक अंथरा. भुई अंगातली ऊब ओढून घेते, पांघरुणानं ती थांबत नाही. खाली ताडपत्री, तिच्यावर वीतभर कोरडं पाचट किंवा कडबा, वर वाकळ. पत्र्याच्या घरात पहाटे पत्र्याला दव सुटून अंथरुणावर ठिबकतं, आणि ओलं पांघरूण ऊब धरत नाही. पत्र्याखाली हातभर अंतर सोडून बारदान किंवा जुनी लुगडी ताणून बांधा. लहान बाळाला टोपी घाला, आईच्या अंगाशी धरा. दारूनं अंग गरम होत नाही, कातडीकडं रक्त ओढलं जातं आणि आतली ऊब लवकर जाते.

हे झालं घरापुरतं. पण ज्याला घरच नाही, त्याचं काय? इथं ग्रामपंचायतीनं उठायला हवं. उन्हाळ्यात उष्माघाताचे कक्ष निघतात, थंडीत काहीच निघत नाही, याचा मला खरंच राग येतो. नोव्हेंबरातच यादी करा: एकटी म्हातारी माणसं, बाळंतिणी, पालावरची कुटुंबं, गावच्या शिवारात उतरलेल्या ऊसतोडीच्या टोळ्या. ते मतदार कुठलेही असोत, आज तुमच्या शिवारात आहेत. घोंगड्या डिसेंबर उजाडायच्या आत वाटा. जानेवारीत फोटो काढून वाटलेली घोंगडी अर्धा हिवाळा हुकवते. समाजमंदिराची किल्ली कुणाकडं आहे, हे आशाताईला माहीत हवं. मार्गशीर्षात नांदेड जिल्ह्यातल्या माळेगावच्या खंडोबाच्या यात्रेला माणसं नि जनावरं उघड्यावर मुक्काम करतात, तिथं कोरडा कडबा आणि आडोसा पाण्याच्या टँकरइतकाच गरजेचा आहे.

रात्रीच्या विजेवर हरभरा, गहू भिजवणाऱ्यांनी कोरडे कपडे प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून मोटारीजवळ ठेवावेत. गमबूट घाला, एकटं जाऊ नका. बोलणं अडखळायला लागलं, हातातून खोरं निसटायला लागलं की बारं (पाणी देणं) तिथंच सोडायचं.

शेवटचा प्रश्न गोठ्याचा. वाऱ्याच्या बाजूला बारदान बांधा, पण छताजवळ हातभर जागा मोकळी ठेवा. सगळं बंद केलं की मुताचा अमोनिया साचतो आणि वासरं खोकायला लागतात. कोंबड्यांच्या शेडलाही हेच. पिलांना पहिल्या आठवड्यात 35 अंश लागतात, पुढं दर आठवड्याला साधारण 3 अंश कमी. पिलं दिव्याखाली गोळा झाली तर ऊब कमी पडतेय, कडेला पळाली तर जास्त होतेय. दिवा त्याप्रमाणं खाली-वर करा, पडदे मात्र वरून उघडेच.