गोळी बदलली का, भाऊ?

नमस्कार मंडळी. नागपूरच्या धंतोलीत औषधाच्या काउंटरमागे उभं राहून मला तीस वर्षं झाली. मी फार्मासिस्ट आहे, डॉक्टर नाही. त्यामुळे कोणाला किती गोळी लागते हे मी सांगणार नाही. काउंटरवरून जे दिसलं, तेवढंच सांगतो.

एक काकू दर महिन्याला फ्लुवोक्सामाईन न्यायला येतात. तीच शंका, तोच विचार मनात पुन्हा पुन्हा येत राहतो, आपल्याकडे जुनी माणसं ज्याला मंत्रचळ म्हणतात, त्या आजारावरचं, म्हणजे ओसीडीवरचं हे औषध. एकदा नेहमीची कंपनी मिळाली नाही. कंटेंट तोच, ५० मिलिग्रॅमही तेच, म्हणून मी दुसरी स्ट्रिप दिली आणि काही बोललो नाही. संध्याकाळी काकू परत आल्या, हातात जुनी रिकामी स्ट्रिप आणि नवी, दोन्ही.

"गोळी बदलली का, भाऊ?"

"नाव बदललं काकू, औषध तेच."

"नक्की?"

"नक्की."

पायऱ्या उतरल्या, पुन्हा वर आल्या. "नक्की ना?" असं पाच वेळा झालं. चौथ्या वेळी माझा आवाज चढला. त्याची आजही लाज वाटते. एकोणिसाव्या शतकातल्या फ्रेंच डॉक्टरांनी या आजाराला 'संशयाचं वेड' म्हटलं होतं, आणि मी त्याच माणसाच्या हातात न सांगता वेगळ्या रंगाची गोळी ठेवली होती.

मूळ कंपनीचं पेटंट संपलं की इतर कंपन्या तेच औषध बनवतात, ते जेनेरिक. जेनेरिक म्हणजे हलका माल, ही समजूत आधी काढून टाका. फ्लुवोक्सामाईन युरोपात १९८३ साली आलं, अमेरिकेत ओसीडीसाठी १९९४ साली मंजूर झालं. पेटंट केव्हाच संपलं. आपण ज्याला 'कंपनीची गोळी' म्हणतो, तीही बहुतेक वेळा जेनेरिकच असते, फक्त तिला स्वतःचं नाव दिलेलं असतं. दोन गोळ्या सारख्या आहेत का, हे निरोगी माणसांना देऊन, रक्तात औषध किती आणि किती वेगानं उतरतं ते मोजून ठरवतात. त्यातली मूळ गोळीच्या ८० ते १२५ टक्क्यांची मर्यादा ऐकून लोक म्हणतात, "म्हणजे औषध वीस टक्के कमी!" तसं नाही. एकट्या सरासरीवर भागत नाही. आजूबाजूची सगळी अनिश्चितता धरूनही आकडा त्या चौकटीत बसावा लागतो. म्हणून प्रत्यक्ष फरक सहसा थोडाच असतो.

पण डोळे झाकून विश्वास ठेवा असंही मी म्हणणार नाही. बुप्रोपिऑन या नैराश्यावरच्या औषधाची ३०० मिलिग्रॅमची, सावकाश विरघळणारी एक जेनेरिक गोळी मूळ गोळीच्या तोडीची नाही, असं २०१२ मध्ये अमेरिकेच्या औषध प्रशासनानंच जाहीर केलं. सावकाश सुटणाऱ्या गोळीत बनावटीला फार महत्त्व असतं. म्हणून स्ट्रिपवर मिलिग्रॅमच्या शेजारी एसआर, सीआर अशी अक्षरं आहेत का ते बघा. साधी १०० आणि सीआर १०० ही अदलाबदल डॉक्टरांना विचारल्याशिवाय करायची नाही.

औषधाचं खरं नाव पाठ असावं, याचं मला वाटणारं सगळ्यात मोठं कारण वेगळंच आहे. कंबर धरली की लोक येऊन दुखण्याची गोळी मागतात. अशा कितीतरी गोळ्यांत टिझानिडीन हे स्नायू सैल करणारं औषध असतं. फ्लुवोक्सामाईन घेणाऱ्याला ते चालत नाही. रक्तात उतरणारं टिझानिडीनचं एकूण प्रमाण सरासरी तेहतीस पट झाल्याचं एका अभ्यासात दिसलं आहे. रक्तदाब एकदम पडतो, माणूस गळून जातो. दोन्ही स्ट्रिपवरची ठळक नावं वाचून हे कोणाला कळणार? खाली बारीक अक्षरात छापलेलं नाव माहीत असेल तरच कळेल. कॉफीचंही तसंच, या औषधासोबत कॅफिन शरीरात जास्त वेळ रेंगाळतं.

आणि घाई करू नका. ओसीडीत गुण यायला आठ ते बारा आठवडे लागतात. मधे त्रास वाढला की नव्या गोळीवर खापर फुटतं, माणूस परस्पर ती बंद करतो. मग चक्कर, मळमळ, डोक्यात विजेसारखे झटके. आधी डॉक्टरांशी बोला. रात्री-अपरात्री कोणी नसेल तर टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ आहे, फुकट आहे.

काकूंच्या डब्यावर आता औषधाचं मूळ नाव मोठ्या अक्षरात लिहिलेलं आहे. कंपनी बदलणार असेल तर मी आधी सांगतो, एकदाच. त्यांच्या डॉक्टरांनी मला आणि घरच्यांना तसंच बजावलंय, कारण पुन्हा पुन्हा 'नक्की' म्हटलं की संशयाला खतपाणीच मिळतं. गेल्या महिन्यात कंपनी बदलली. काकूंनी स्ट्रिप उलटी केली, नावावर बोट ठेवून वाचलं, पिशवीत टाकली. पायरीवर थांबल्या, माझ्याकडे वळून पाहिलं. मी काही बोललो नाही. मग त्या ऑटोत बसल्या.