वळिवड्याच्या बरॅकी आणि पोलंडमधलं भाषण

श्रोतेहो, नमस्कार.

कोल्हापूर भागात लग्न ठरलं की बस्ता बांधायला गांधीनगर गाठायचं, ही जुनी रीत. गादीवर साड्यांचा ढीग पडतो, चहा येतो, घासाघीस होते. दुकानदार बहुतेक सिंधी, फाळणीत घरदार सोडून आलेल्यांची मुलं-नातवंडं. त्यांची वडीलधारी मंडळी इथं पहिल्यांदा टेकली ती वळिवड्याच्या रिकाम्या छावणीत. ती रिकामी झाली होती, कारण तिथले पोलिश निर्वासित नुकतेच निघून गेले होते.

१९४३ पासून सुमारे पाच हजार पोलिश लोक वळिवड्याला राहत होते, त्यांत बायका-मुलंच जास्त. तिथं त्यांच्या शाळा होत्या, चर्च होतं. स्टालिनच्या राजवटीनं त्यांना सायबेरियात आणि कझाकस्तानात हाकललं होतं. १९४२ मध्ये सुटका होऊन ते कॅस्पियन समुद्रापलीकडे, इराणच्या पहलवी बंदरात उतरले, तेव्हा अंगावर उवा, आणि टायफस, हगवणीनं माणसं पटापट मरत होती. किनाऱ्यावरच त्यांचे कपडे जाळले, डोकी भादरली, अंघोळी घातल्या आणि मग तिथल्या छावणीत घेतलं; त्यांतलेच काही पुढे वळिवड्याला आले. रोग होता, त्यावर इलाज केला. एवढंच.

आता ऑक्टोबर २०१५. पोलंडमध्ये निवडणूक. सीरियातून माणसं युरोपकडे निघालेली. 'कायदा आणि न्याय' पक्षाचे नेते यारोस्लाव काचिन्स्की प्रचारसभेत म्हणाले, की हे लोक निरनिराळे परजीवी, सूक्ष्म जंतू घेऊन येतात; त्यांच्या शरीराला ते बाधत नाहीत, पण आपल्याला बाधू शकतात. पहलवी बंदराची आठवण असलेली काही म्हातारी माणसं तेव्हा पोलंडमध्ये हयात होती. त्यांना हे ऐकताना काय वाटलं असेल?

पक्ष जिंकला. पौने चार कोटींच्या देशानं सुमारे सात हजार निर्वासित घ्यायचे असं आधीच्या सरकारनं कबूल केलं होतं; नव्या सरकारनं एकालाही घेतलं नाही. पुढे २०२० मध्ये युरोपीय न्यायालयानं हे नियमबाह्य ठरवलं, पण तोवर व्हायचं ते होऊन गेलं होतं.

मला यातली सगळ्यात बोलकी गोष्ट वाटते ती जनमताची. मे २०१५ मध्ये तिथल्या पाहणीत युद्धग्रस्त देशांतले निर्वासित नकोत म्हणणारे साधारण पाचात एक होते. वर्षभरात ते पाचात तीन झाले. मधल्या काळात सीरियन शेजारी कुणाच्या गल्लीत आला होता? जवळजवळ कुणाच्याच नाही. आले होते ते टीव्हीवर आणि सभांच्या मंडपात. न पाहिलेल्या माणसाची भीती घालणं सोपं असतं. तो उलटून बोलायला समोर नसतो.

आणि हाच देश फेब्रुवारी-मार्च २०२२ मध्ये युक्रेनियनांसाठी धावून गेला. युक्रेनच्या हद्दीजवळच्या प्शेमिशल स्टेशनच्या फलाटावर पोलिश आयांनी अनोळखी मुलांसाठी बाबागाड्या ओळीनं आणून ठेवल्या होत्या. त्याच महिन्यांत, काहीशे किलोमीटरवर, बेलारूसच्या हद्दीवर साडेपाच मीटर उंचीची पोलादी भिंत उभी राहत होती. बेलारूसच्या राज्यकर्त्यानं आपल्या राजकारणासाठी इराक-सीरियाकडची माणसं हद्दीवर आणून लोटली, हेही खरंच. पण जंगलात थंडीनं गारठून मेली ती माणसंच.

आपण फार पाठ थोपटून घेऊ नये. वळिवड्याची छावणी गावापासून वेगळी होती, खर्च लंडनमधलं परागंदा पोलिश सरकार करत होतं, आणि पाहुणे जाणार हे सगळ्यांना ठाऊक होतं. सिंधी मंडळी जाणार नव्हती. त्यांना 'निर्वासित' म्हणून हिणवणारे इथंही होतेच. वॉर्सात आज कोल्हापूरचं स्मारक आहे. आपले पंतप्रधान २०२४ मध्ये तिथं जाऊन आले. गांधीनगरात मात्र दुपारी तीनला शटर अर्धं ओढून सिंधी काका हिशेब लिहीत बसलेले असतात, आणि कुणी बस्त्याला आलं की शटर वर करून अस्सल कोल्हापुरीत विचारतात, "काय पाव्हणं, मुलीकडचं का मुलाकडचं?"